फोटोत माणूस हवा

नियम बाईंचाच होता आणि चांगला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे ज्यांनी ज्यांनी त्यावर नाकं मुरडली, त्यांतल्या एकालाही तेव्हा याहून बरं काही सुचलं नव्हतं.

कंपनीचे अकरा देशांत मिळून चौदा कारखाने. त्या सगळ्या कारखान्यांतल्या माणसांचे हातपाय शाबूत ठेवायची जबाबदारी मुख्य कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीवर होती. खोलीत तीन टेबलं, कधीही न उघडणारी एक खिडकी, खोकणारा एसी आणि सुरक्षा विभागाच्या प्रमुख म्हणून बाई. कुठे पायरी तुटली, कुठे वायर उघडी पडली, कुठे यंत्रावरची जाळी निघाली, की त्या कारखान्याने संगणकावर नोंद करायची. लाल ठिपका यायचा. दुरुस्ती झाली की फोटो पाठवायचा. बाईंनी फोटो पाहून नोंद बंद करायची, की ठिपका हिरवा. कामकाज एवढंच.

एकदा एका कारखान्याने आग विझवायच्या नळकांड्याचा फोटो पाठवला. नवं कोरं, चकचकीत. बाईंनी निरखून पाहिलं तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत किंमत आणि 'घरपोच मोफत'. जाहिरातीतला फोटो उचलून पाठवला होता त्या महाभागांनी. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली आणि त्याच दिवशी त्यांनी नियम काढला. फोटोत माणूस हवा. त्याच कारखान्यातला, दुरुस्त केलेल्या वस्तूशेजारी उभा, एक हात वस्तूवर ठेवलेला. वस्तू जाहिरातीतून उचलता येते, माणूस कुठून उचलून आणणार?

नियम कचेरीच्या भाषेत लिहिला होता. नोंदीचा फॉर्मही त्याच भाषेत. चौदाही कारखान्यांच्या मॅनेजरांना ती भाषा येत होती, कामगारांपैकी जवळजवळ कुणालाच येत नव्हती. ही गोष्ट कुणाला खटकली नाही. बाईंनाही नाही.

बाकीच्या कारखान्यांत जो हाताशी सापडेल त्याला उभं करायचे. नऊ नंबरच्या कारखान्याने मात्र एकच माणूस या कामाला जुंपून टाकला. निळा स्वेटर, डोक्यावर पिवळं हेल्मेट, काटकुळा बांधा, शाळेत फोटो काढताना मुलं उभी राहतात तसा ताठ. कधी जिन्याशेजारी, कधी पंपाशेजारी, कधी दाराशेजारी. खोलीतल्या संगणकवाल्याने त्याचं बारसं करून टाकलं: उभेराव.

"बाई, आले बघा उभेराव. आज टाकीला घेऊन आलेत."

बाई हसायच्या आणि हातातलं काम ठेवून आधी तो फोटो उघडायच्या. आधी उभेराव, मग वस्तू. सात वर्षं हा माणूस त्यांच्या पडद्यावर येऊन उभा राहत होता. मध्ये त्याने मिशी ठेवली, मग काढली. एका हिवाळ्यात चष्मा लागला. एकदा दोन महिने दिसला नाही तेव्हा बाईंना चक्क चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं. आवाज कधी ऐकला नाही, पण चौदा कारखान्यांतल्या हजारो माणसांत बाई ओळखत होत्या तो हा एक.

दर तीन महिन्यांनी मोठी बैठक असायची. सगळे मॅनेजर पडद्यावर, वर साहेब, आणि पहिला प्रश्न ठरलेला: उघड्या नोंदी किती? बाईंचं उत्तर सलग एकोणीस बैठका 'शून्य' होतं. पाठीमागे लोक त्यांना शून्यबाई म्हणायचे. बाईंना ते माहीत होतं आणि, खोटं कशाला बोला, आवडतही होतं.

मग एका मंगळवारी अकराच्या सुमाराला नऊ नंबरमधून तीन ओळींची तार यावी तसा मजकूर आला. टाक्यांवरच्या लोखंडी पुलाचा कठडा निखळला. कामगार क्रमांक एक्केचाळीस खाली पडला. जागीच गेला.

त्यांनी पुलाच्या जुन्या नोंदी काढल्या. कठडा सैल असल्याची नोंद सापडली, चार महिन्यांपूर्वीची. तिचा ठिपका हिरवा होता. शेजारी बंद करणाऱ्याचं नाव, बाईंचं. फोटोत कठड्याशेजारी उभेराव. बाईंच्या मनात पहिला विचार कुठला यावा? बिचाऱ्याला किती वाईट वाटत असेल, ओळखीतलाच असणार गेलेला माणूस. तेवढ्यात दुसरा मजकूर आला, मृताच्या ओळखपत्रासकट. ओळखपत्रावर चष्मा नव्हता, मिशी होती. पण तोच होता.

संगणकवाला काहीतरी विचारत होता. बाईंना ऐकूच आलं नाही.

त्यांनी चार महिन्यांपूर्वीचा फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. चेहऱ्यावरून खांदा, खांद्यावरून हात. तळवा कठड्यावर होता. म्हणजे कठड्यावर असल्यासारखा दिसत होता. तळवा आणि लोखंड यांच्यामधून मागचा उजेड येत होता. एक बोटभर, जास्त नाही. पण हात टेकलेला नव्हता.

त्या दिवशी बाई घरी निघाल्या तेव्हा कचेरीच्या जिन्यावर त्यांनी सवयीने कठड्यावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा काढून घेतला. तीन मजले भिंतीला घासत उतरल्या.

पुढचे चार दिवस त्यांनी उभेरावाचे सगळे जुने फोटो शोधून काढले. दोनशे बारा. एकशे अठ्ठेचाळीस फोटोंत त्याने वस्तू घट्ट धरली होती. कुठे कोपर टेकून रेलला होता, एका जाळीवर तर पाय ठेवून उभा होता. उरलेल्या चौसष्ट फोटोंत हात बोटभर वर. त्या चौसष्टही वस्तूंना ताजा रंग होता.

रविवारी सकाळी त्यांनी लॅपटॉप दादांच्या पुढ्यात ठेवला. दादा म्हणजे बाईंचे थोरले भाऊ, चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले, वहिनी गेल्यापासून बहिणीकडेच राहणारे. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला, मेजावरच्या प्लॅस्टिकवरचे बिस्किटाचे तुकडे झटकले, पेपर वाचायचं भिंग घेतलं आणि पडद्याला नाक लावलं.

"हा कोण गं?"

"गेला तो. कठड्यावरून पडला."

"हुशार होता." दादांनी पुन्हा भिंग लावलं. "हे बघ, इथे वजन टाकलंय. इथेही. आणि इथे नाही टाकलेलं. आमच्या लाइनमधला कुणीही बघून सांगेल. ज्या वस्तूची खात्री नाही तिला आपण हात लावत नाही. लावल्यासारखं करतो, साहेबाच्या समाधानासाठी."

"मग बोलला का नाही, दादा? सात वर्षं?"

"कुणाला बोलणार? फोटो काढणारा त्याचाच साहेब. फॉर्म तुमच्या भाषेत. तुझा फोन नंबर होता का त्याच्याकडे?" दादांचा आवाज चढला. "अगं, तो बोलतच होता. एवढ्या लांबून त्याला जेवढं बोलता येत होतं तेवढं."

बाईंनी त्यांना नऊ नंबरचा चौकशी अहवाल वाचून दाखवला. कामगार कठड्याला निष्काळजीपणे रेलून उभा होता, असं त्यात लिहिलं होतं.

"हा?" दादा हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "हा माणूस त्या कठड्याला रेलणारा होता? पाय घसरला असेल त्याचा. घसरलेला माणूस हात कुठे ठेवायचा याचा विचार करत नाही."

त्यानंतर उभेराव बाईंच्या घरीच राहायला आले म्हणा ना. दिवे, टेबल, बादली, कशाकडेही पाहिलं की शेजारी तो उभा असल्यासारखं वाटायचं. बाई भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातल्या नव्हत्या. अपघातांची आकडेवारी ठेवणारी बाई ती, भुतांवर विश्वास ठेवला तर चौदा कारखान्यांत पाय ठेवायला जागा उरायची नाही. पण कचेरीत पडदा काळा झाला की त्या काळ्या काचेत आपल्या खांद्यामागे कुणीतरी ताठ उभं आहे असं त्यांना वाटायचं, आणि मागे वळायचा धीर व्हायचा नाही. तो रागावलेला नसायचा. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता वाट बघायचा, फोटो निघेपर्यंत बघायचा तसा.

महिना गेला. बैठकीच्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी नऊ नंबरमधून नोंद आली. 'टाक्यांवरील पूल, नवा कठडा. दुरुस्ती पूर्ण. फोटोतील कामगार: क्रमांक एक्केचाळीस.'

बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. मग फोटो उघडला.

पुलावर उभेराव उभे होते. तोच निळा स्वेटर, कोपरावर उसवलेला. तेच पिवळं हेल्मेट. तोंडावर धुळीचा मास्क, बांधा तसाच काटकुळा, उभं राहणं तसंच ताठ. खाली परवाची तारीख. हात कठड्याच्या बोटभर वर.

बाई किंचाळल्या नाहीत. खुर्चीचे हात धरून उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या. फोटो तसाच होता.

"काय झालं, बाई?" संगणकवाल्याने मान वर केली, उठून आला आणि त्याचाही चेहरा पांढराफटक पडला. "सिस्टमचा घोळ असेल. जुना फोटो उचलला असेल."

"जुना? कठडा नवा आहे."

त्यानेच फोटो मोठा केला. हेल्मेटखालून केसांची वेणी खांद्यावर आली होती. मनगटात बारीक बांगडी होती. बाई होती ती.

बाईंनी नऊ नंबरच्या मॅनेजरना फोन लावला. "हो, हो, त्यांच्याच मिसेस," मॅनेजर मोकळेपणाने म्हणाले. बोलायला माणूस गोड होता. "कुटुंबाला आधार म्हणून आम्ही लगेच नोकरी दिली. त्याच खात्यात. कार्डही तेच चालवलं, नवा नंबर काढायचा म्हणजे पुन्हा तुमच्याकडचीच मंजुरी. नोंद तेवढी बंद करा हं. पूल बंद असल्यामुळे काम अडलंय. शुक्रवारी बंद झाली की सोमवारपासून त्या पुलावरच जातील."

त्या, म्हणजे ती. नवऱ्याचा स्वेटर घालून, त्याच पुलावर.

दुपारी साहेबांचं बोलावणं आलं. साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांना फक्त बैठकीची घाई होती. "एकच नोंद उरलीय ना? फोटो आलाय, माणूस आहे, हात आहे. नियम तुमचाच. आणखी काय हवं?"

"हात टेकलेला नाहीये, साहेब."

साहेबांनी फोटो पाहिला. "मला तर टेकलेला दिसतोय."

आणि इथेच खरी गोम होती. तो कुणालाही टेकलेलाच दिसला असता. बाईंनी नोंद बंद केली असती तर कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नसतं. उघडी ठेवली तर 'का' विचारणार, का ते सांगितलं की मागच्या चौसष्ट निघणार, आणि त्या चौसष्टांवर बाईंचंच नाव. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी असताना त्यांनी ती नोंद उघडली, हिरव्या बटणावर बाण नेला आणि बसून राहिल्या. एसी खोकत होता. टेबलाच्या डाव्या बाजूला कुणीतरी उभं होतं. बाईंनी मान वळवली नाही. "मी काय करू?" एवढंच म्हणाल्या, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकल्या. बटण दाबलं नाही. पण दाबणार नाही असंही त्यांनी ठरवलं नव्हतं. माणसाला सात वर्षांची चूक एका दुपारी गिळता येत नाही.

शुक्रवारच्या बैठकीत चौदा चौकोन उजळले, वर साहेबांचा पंधरावा. साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, "एक उघडी आहे. नऊ नंबर. बंद करण्याआधी मला तो कठडा आत्ता, इथे, चालू कॅमेऱ्यावर पाहायचाय. आणि कामगाराशी बोलायला दुभाषी हवी." ती बाईंनी आधीच बोलावून ठेवली होती, भाषांतर विभागातली एक शांत मुलगी. ती शेजारी बसली.

नऊ नंबरच्या मॅनेजरना यात गैर काहीच वाटलं नाही. हातात फोन घेऊन ते पुलावर चढले. पडदा हलला, डुगडुगला, स्थिर झाला. पुलाच्या मध्यावर ती उभी होती. खाली टाक्यांची काळी तोंडं दिसत होती. मॅनेजर तिच्या भाषेत काहीतरी म्हणाले.

"रेलून उभी राहा, म्हणतायत," दुभाषी पुटपुटली. "नीट वजन टाक, म्हणतायत. सगळे बघतायत."

तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं. मास्कच्या वर नुसते डोळे. हात उचलून कठड्याच्या वर आणला आणि तो बोटभर अंतरावर थांबला. मॅनेजर पुन्हा बोलले, या वेळी जरा जोरात. तिचा तळवा खाली जाऊ लागला.

"थांबा!" बाई ओरडल्या. आवाज तिकडे पोचायला क्षण लागतो, हे त्यांना सात वर्षं माहीत होतं. त्या उठल्या आणि आपला उघडा पंजा कॅमेऱ्यासमोर धरला, इतक्या जवळ की चौदाही चौकोनांत हातच दिसला असेल. "नको! हात लावू नको!"

दुभाषीने भराभर सांगितलं. तिने हात मागे घेतला आणि दोन पावलं कठड्यापासून मागे सरकली.

"अहो मॅडम, नवाकोरा आहे तो," मॅनेजर हसत म्हणाले.

"मग तुम्ही धरा."

"मी?"

"तुम्ही. फोन त्यांच्याकडे द्या आणि रेलून उभे राहा. नीट वजन टाका. सगळे बघतायत."

फोन तिच्या हातात गेला. आता पडद्यावर मॅनेजर होते, इस्त्रीचा शर्ट, चकचकीत हेल्मेट. ते कठड्याकडे वळले. हात पुढे केला. हसू तोंडावर तसंच होतं, पण हात बोटभर अंतरावर येऊन थांबला आणि पुढे जाईना. कुठल्यातरी कारखान्यातल्या भोंग्याचा आवाज येत होता, तेवढाच. मॅनेजरनी हात मागे घेऊन खिशात घातला.

"नोंद उघडीच राहील," बाई म्हणाल्या. "आणि आज मी आणखी चौसष्ट उघडतेय. सगळ्या नऊ नंबरच्या. तिथलं काम आज थांबेल. मी स्वतः जाऊन एकेक वस्तू हाताने तपासेन."

"चौसष्ट?" साहेब आपल्या चौकोनात पुढे सरकले. "त्या कुणी बंद केल्या होत्या?"

"मी केल्या होत्या. लिहून घ्या. आणि त्या माणसाच्या अहवालात 'निष्काळजीपणे' लिहिलंय तो शब्द काढा. निष्काळजी मी होते."

पुलावरची बाई काहीतरी बोलू लागली. फोन तिच्याच हातात होता, त्यामुळे तिचा चेहरा पडद्यावर मोठा झाला होता. तिने मास्क खाली ओढला. बाईंनी उभेरावाचा आवाज कधी ऐकला नव्हता. त्याच्या बायकोचा हा पहिल्यांदा ऐकला. बारीक होता, आणि त्यात रडणं नव्हतं. ती बोलत राहिली, मग गप्प झाली.

दुभाषी सांगू लागली. "त्या म्हणतायत, माझा नवरा घरी येऊन सांगायचा. लांब एक बाई आहे, ती प्रत्येक फोटो बघते. आज ना उद्या तिच्या लक्षात येईल. सात वर्षं सांगायचा." ती थांबली. "त्या विचारतायत, आज माझा हात दिसला, तर त्याचा कसा नाही दिसला?"

आता बाईंना खोटं बोलता आलं असतं. फोटो लहान होते, कामं फार होती, नजरचूक झाली. सगळ्या चौकोनांनी माना डोलावल्या असत्या.

"दिसला होता," बाई म्हणाल्या. "पहिल्या वर्षीच दिसला होता. पुष्कळदा दिसला. मला वाटायचं, रंग ओला असेल."

दुभाषीने त्यांच्याकडे पाहिलं. हे खरंच सांगायचं का, असं तिच्या डोळ्यांत होतं. बाईंनी मान हलवली. मग तिने ते सांगितलं, हळू, एकेक शब्द करून.

बाई माफी मागणार होत्या, पण कुठल्याच भाषेत शब्द फुटेना. "त्यांना खाली उतरायला सांग," एवढंच त्या म्हणाल्या. पडद्यावर लोखंडी जिना आला, मग एक पाय, तो पायरी चाचपून टेकला, मग दुसरा. साहेब म्हणाले, पुढच्या विषयाकडे वळू या. बाईंनी त्यांना हात दाखवून थांबवलं. ती शेवटची पायरी उतरून जमिनीवर उभी राहीपर्यंत त्यांनी कुणाला बोलू दिलं नाही.